डावी बाजू वाजत नाही

ईट हे गावाचं नाव आहे, हे पुण्यात दर वेळी सांगावं लागतं. "वीट?" असं समोरचा विचारतो. मग मी भूम तालुका सांगतो, मग जिल्हा उस्मानाबाद, म्हणजे आता धाराशिव, आणि तरीही चेहरा कोराच राहिला तर कुंथलगिरीच्या पेढ्याचं नाव काढतो. पेढा म्हटलं की माणूस ओळखीचं हसतो. असो. आज गावाबद्दल नाही, गावातल्या आमच्या घरच्या एका डब्याबद्दल लिहायचंय.

डबा म्हणजे व्हिडिओ गेम. आमच्या पिढीला वेगळं सांगायला नको. पांढरट प्लास्टिक, वरून कॅसेट खोचायची, दोन रिमोट (हो, आम्ही रिमोटच म्हणायचो, जॉयस्टिक हा शब्द शहरात गेल्यावर कळला), आणि मागून निघणारी एक वायर थेट टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात. तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, १९९६ च्या दिवाळीत तो बार्शीहून आणला. "पोरं उन्हाळ्यात उन्हात हिंडत्यात, त्यापेक्षा घरात बसतील" असं कारण काकूला सांगितलं होतं. खरं कारण असं होतं की तात्यांना तो उघडून बघायचा होता. तात्यांचं एसटी स्टँडच्या रस्त्याला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, १९७४ पासून. आणल्याच्या तिसऱ्या दिवशी डबा उघडा होऊन पाटावर पडला होता आणि ताई रडत होती.

त्या डब्यावरचं नाव आता पुसलं गेलंय आणि ते महत्त्वाचंही नाही, कारण त्या काळात आपल्याकडे मिळणारे बहुतेक डबे आतून एकाच घराण्यातले. मूळ पुरुष जपानचा. निन्टेंडोने १५ जुलै १९८३ ला जपानात 'फॅमिली कॉम्प्युटर' विकायला काढला, लोक त्याला फॅमिकॉम म्हणायला लागले, आणि पुढे तैवानमध्ये त्याच्या चिपांच्या हुबेहूब नकला तयार झाल्या. त्या नकलांवर अर्ध्या जगाने मारिओ खेळला. रशियात त्याला वेगळं नाव, ब्राझीलमध्ये वेगळं, आपल्याकडे वेगळं.

या दिवाळीत माळ्यावरची भांडी काढताना डबा सापडला. अडॅप्टर गेलेला, एका रिमोटची वायर उंदरांनी कुरतडलेली. पण तात्यांनी बारा व्होल्टच्या बॅटरीवर लावून बघितला आणि लाल दिवा लागला. (वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी २००५-०६ नंतरचं भारनियमन खेड्यात काढलंय त्यांना कळेल. आमच्याकडे त्या दिवसांत अंगणात ट्रॅक्टरच्या बॅटरीवर छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणि त्याच बॅटरीवर हा डबा अशी जोडणी असायची. डब्याला नऊ व्होल्ट लागतात, पण आत पाच व्होल्टवर आणणारा रेग्युलेटर असतो, तो बारा खाऊनही तक्रार करत नाही, फक्त तापतो.)

मी पुण्यात असल्या जुन्या यंत्रांशी खेळत असतो, त्यामुळे माझ्या डोक्यात लगेच किडा वळवळला. याचा आवाज स्टिरिओ करायचा!

"आधी चालू तर कर," काकू म्हणाली. काकूचं नेहमीच बरोबर असतं, पण ऐकतो कोण.

आता हा स्टिरिओचा प्रकार जरा समजावून सांगतो, कारण मला स्वतःला तो फार आवडतो. ज्यांना वायरींचा कंटाळा आहे त्यांनी खाली उडी मारावी.

फॅमिकॉमचा आवाज वेगळ्या चिपमधून येत नाही. जो मेंदू गेम चालवतो, त्याच चिपच्या पोटात आवाज तयार करणारा भाग आहे. त्यात पाच आवाज आहेत. दोन चौकोनी लहरींचे, जे बहुतेक वेळा गाण्याची चाल आणि तिची साथ वाजवतात, ते जरा नाकात बोलल्यासारखे, पिपाणीसारखे. तिसरा त्रिकोणी लहरीचा, मऊ, खालच्या सुराचा, त्याचा आवाज कमीजास्त करायची सोयच नाही, एक तर वाजतो नाही तर गप्प बसतो. चौथा नुसता खरखराट, ज्यातून झांजा आणि बंदुका निघतात. पाचवा म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे बारीक तुकडे वाजवणारा. १९८५ च्या पहिल्या सुपर मारिओत तो वापरलेलाच नाही, १९८८ च्या तिसऱ्या मारिओत मात्र ढोल त्याच्यावर आहेत.

आता गंमत बघा. हे पाच आवाज चिपच्या एकाच पायातून बाहेर येत नाहीत. चिपला चाळीस पाय. पहिल्या पायातून दोन्ही चौकोनी आवाज येतात, दुसऱ्या पायातून उरलेले तिन्ही. बाहेर आल्यावर दोन्ही वाटांवर एकेक रेझिस्टन्स आहे आणि त्यानंतर ते एकत्र होतात, आणि तिथून पुढे एकच आवाज. मूळ जपानी यंत्रात तर तो आवाज कॅसेटमधून फेरी मारून परत येतो, म्हणजे कॅसेटला स्वतःचा आवाज त्यात मिसळायचा असेल तर मिसळता यावा. शेवटी तो चित्राबरोबर अँटेनाच्या वायरीतून टीव्हीत शिरतो. टीव्हीला स्पीकर एक. तिथे स्टिरिओचा प्रश्नच येत नव्हता.

म्हणजे ते दोन पाय स्टिरिओसाठी ठेवलेले नाहीत. चिप बनवणाऱ्यांना आतली जोडणी तशी सोयीची पडली, एवढंच. पण दोन पाय वेगळे आहेत म्हटल्यावर आमच्यासारखे लोक गप्प बसत नाहीत. पहिल्या पायाला एक वायर, दुसऱ्या पायाला एक वायर, एक डाव्या कानात, एक उजव्या कानात. झाला स्टिरिओ.

खरा स्टिरिओ नव्हे हा. सिनेमातली गाडी डावीकडून उजवीकडे जाते तसं काही यात होत नाही. मारिओ उजवीकडे पळाला तरी त्याच्या उडीचा आवाज डावीकडेच, कारण उडी चौकोनी आवाजावर आहे. (त्या उडीपायी गाण्यातला एक सूर क्षणभर गप्प होतो, कारण तोच आवाज उडीसाठी उसना घेतलेला असतो. मोनोत हे लक्षात येत नाही.) आमच्या मारुतीच्या देवळात भजनाला बसलं की एका अंगाला पेटी आणि दुसऱ्या अंगाला पखवाज असतो ना, तसं होतं ते. चाल डावीकडे, ठेका उजवीकडे. इतकी वर्षं जे एकजीव ऐकलं त्याचे घटक सुटे होतात, आणि मग कळतं की त्या खालच्या त्रिकोणी सुराने केवढं काम केलंय.

सगळ्याच डब्यांत हे जमत नाही. पुढे पुढे स्वस्ताईसाठी सगळी यंत्रणा एकाच चिपमध्ये कोंबून तिच्यावर काळ्या लाखेसारखा थेंब ओतायला लागले. त्यांतल्या बऱ्याच डब्यांत आवाज आतच मिसळून बाहेर येतो, वेगळे पाय हाती लागत नाहीत. आमचा डबा उघडताना मी मनातल्या मनात म्हणत होतो, थेंब नको, थेंब नको.

थेंब नव्हता. तपकिरी बोर्ड, एक वाळलेलं झुरळ, आणि चाळीस पायांच्या दोन लांबलचक आयसी. एकीवर यूए६५२७पी, दुसरीवर यूए६५३८. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या. या जोडीची एक गोष्ट मला आधीपासून माहीत होती, ती तात्यांना सांगितल्यावर ते पहिल्यांदा खुर्ची ओढून जवळ बसले. जपानचा टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा, आपला पन्नास. ही जोडी खास पन्नासवाल्या देशांसाठी केलेली. पण कॅसेटी तर जपानी-अमेरिकी गेमच्याच नकला. गेममधलं गाणं चित्राच्या तालावर पुढे सरकतं, त्यामुळे आपल्याकडे ते सहाव्या हिश्शाने सावकाश वाजायचं. सूर जवळपास तेच, लय संथ. आम्हाला पाठ असलेला मारिओ हा मुळातल्या मारिओपेक्षा निवांत होता! शिवाय अशा नकली चिपांपैकी बऱ्याच चिपांत चौकोनी लहरींच्या दोन रुंदींची अदलाबदल झालेली असते, त्यामुळे आवाजाचा पोतही जरा निराळा. पुण्यात मी पहिल्यांदा मूळ गाणं ऐकलं तेव्हा मला ते घाईत वाटलं होतं, ते का, हे कळायला बरीच वर्षं गेली.

"म्हंजी आपलंच बरं हुतं की," तात्या म्हणाले.

सोल्डरिंग आयर्न तात्यांचंच, लाकडी मुठीचं. दुकान त्यांनी २०१२ मध्ये बंद केलं, तेव्हा सगळं सामान घरी आणून ठेवलंय. वायरीही तिथल्याच, बाहेरून जाळी असलेली, कारण साध्या वायरीत चित्राची घरघर शिरते. कपॅसिटर दोन, दहा मायक्रोफॅरडचे. तात्या त्याला कंडेन्सरच म्हणतात आणि मी 'कपॅसिटर' म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करतात. (हे वाक्य मी सवयीने लिहिलं. पुढे वाचाल तेव्हा कळेल.) कंडेन्सरची अधिक बाजू चिपकडे, म्हणजे चिपचं डीसी पुढे जात नाही, नुसता आवाज जातो. पुढे लाल आणि पांढरं सॉकेट, हे एका मेलेल्या डीव्हीडी प्लेअरच्या पाठीतून काढलेलं. जुनी वाट मी तोडली नाही. चिपच्या त्या दोन पायांपासून जमिनीला शंभर-शंभर ओहमचे रेझिस्टन्स आहेत, त्यामानाने मिसळणारे रेझिस्टन्स हजारोंचे, त्यामुळे पायाशीच वायर घेतली की एका बाजूचा आवाज दुसरीकडे फारसा झिरपत नाही आणि टीव्हीचा मोनो होता तसा राहतो. आवाज अगदी नाजूक असतो, म्हणून मी पुण्याहून एक बोटभर हेडफोन अॅम्प्लिफायर मागवून ठेवला होता.

दुपारभरात झालं. मी ऐकलं. छान! डावीकडे पिपाण्या, उजवीकडे ढुमढुम आणि खरखर. मी हेडफोन तात्यांच्या डोक्यावर चढवला आणि मारिओ सुरू केला.

तात्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि कपाळाला आठी घातली.

"सूर कुठाय? नुसतं ढुमढुम वाजायलंय."

"डावीकडे, तात्या."

"डावी बाजू मेलीय. टाका सुटला आसल. बघ."

मी हेडफोन घेऊन बघितला. दोन्ही बाजू वाजत होत्या. परत दिला. "न्हाई." मी टाके बघितले, मीटर लावला, वायर हलवून बघितली. सगळं ठीक. परत दिला. "न्हाई." आता अशा वेळी काय करायचं हे मला तात्यांनीच शिकवलंय, मी सातवीत असताना, त्याच दुकानात. दोन बाजूंपैकी एक वाजत नसेल तर आधी काही उघडायचं नाही. बाजू बदलून बघायच्या. दोष बाजूबरोबर सरकला तर तो अलीकडे, जागेवरच राहिला तर पलीकडे.

मी त्यांच्या डोक्यावरचा हेडफोन उलटा करून घातला.

"हां, आता सूर आला," तात्या म्हणाले. "पर ढुमढुम गेलं."

हे बोलून झालं आणि ते थांबले. मीही थांबलो. मारिओ एका खड्ड्यात पडला आणि ते मरणाचं गाणं वाजलं, ते मला हेडफोनमधून बारीक ऐकू येत होतं.

तात्यांनी हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली आणि म्हणाले, "मशीन ठीक हाय तुझं."

काकू दारात तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "सांगून टाका आता पोराला. सत्तरी झाली की."

लहानपणी कान फुटला होता. वाहायचा. त्या काळी तेल कोमट करून घालत, तेच झालं असावं, पुढे कधी तो थांबला आणि त्याबरोबर ऐकू येणंही थांबलं. वय सात-आठ. तात्यांनी घरात सांगितलं नाही, मग शाळेत सांगितलं नाही, आणि मग रेडिओचं काम शिकायला बार्शीला गेले तेव्हा तर सांगायचा प्रश्नच नव्हता. "एका कानाच्या मेकॅनिककडं रेडिओ कोण टाकंल?" एवढंच ते म्हणाले. अडतीस वर्षं दुकान चालवलं. टू-इन-वनची लाट आली, दोन-दोन स्पीकरवाले स्टिरिओ टेप आले, लोक लांबून लांबून टेप घेऊन यायचे, आणि हा माणूस डावा-उजवा स्पीकर तपासून द्यायचा. कसं? स्पीकर एकेक करून उजव्या कानाला लावून. आम्ही पोरं ते बघायचो आणि आम्हाला वाटायचं, केवढं बारकाईनं काम करतात!

मला झोप आली नाही त्या रात्री. डोक्यात जुन्या गोष्टी एकेक करून उलट्या होत होत्या. तात्या तिरसट आहेत असं घरात सगळे म्हणायचो, हाक मारली तर उत्तर देत नाहीत. दुकानात त्यांच्या डावीकडच्या स्टुलावर बसणाऱ्याला उत्तर मिळायचं नाही, उजवीकडच्याला मिळायचं, आणि ते उजवीकडचं स्टूल ताईचं होतं. म्हणून ताई लाडकी! बाजारात कुणी मागून हाक मारली की तात्या चारी दिशांना सावकाश मान फिरवून बघायचे, तो आम्हाला रुबाब वाटायचा. आवाज कुठून आला हे ओळखायला दोन कान लागतात. एका कानात तो किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो, त्या फरकावरून मेंदू दिशा काढतो. एकच कान असेल तर आवाज येतो, दिशा येत नाही. भजनात ते नेहमी पेटी उजव्या हाताला येईल असेच बसायचे. रस्त्याने चालताना आम्हाला उजवीकडे घ्यायचे आणि स्वतः गाड्यांच्या बाजूला राहायचे. हे मात्र कानासाठी होतं की आमच्यासाठी, ते मी विचारलेलं नाही.

काकूला लग्नानंतर आठ दिवसांत कळलं होतं म्हणे. तेव्हापासून ती त्यांच्या उजवीकडे बसते. आमच्याकडे लग्नातले जेवढे फोटो आहेत ते मी दुसऱ्या दिवशी काढून बघितले. उजवीकडेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी डबा बांधून ठेवायला घेतला. मला वाटलं, आता हा विषय नको. ज्या माणसाला एकच बाजू आहे त्याच्यासमोर दोन बाजूंचं कौतुक कशाला. स्टिरिओत त्यांना अर्धं गाणं मिळत होतं, मोनोत सगळं. मोनोच बरा होता की. त्यांच्यासाठी तरी आम्ही डबा सुधारला नव्हता, अर्धा केला होता.

तात्यांनी डबा माझ्या हातातून घेतला.

"बांधतोस कशाला? पुरं काम कर की. दोन्ही वायरींत एकेक रेझिस्टन्स टाक, हजाराचा. त्येच्या फुडं दोन्हीच्या मधी एक बटण. दाबलं की एक, सोडलं की दोन."

बरोबर होतं. रेझिस्टन्स नसता बटण दाबलं तर दोन पाय थेट एकमेकांना जोडले जातील, ते चिपला बरं नाही. मी बटण शोधायला लागलो तोवर तेच पत्र्याच्या डब्यात हात घालून म्हणाले, "बटण नको. कंट्रोल लाव." आणि एका मोडीत काढलेल्या स्टिरिओ टेपचा बॅलन्सचा कंट्रोल काढून दिला. म्हणजे जो कंट्रोल त्या टेपमध्ये आवाज डावीकडे-उजवीकडे सरकवायचा, तो आता दोन वायरींच्या मध्ये पूल म्हणून बसला. एका टोकाला फिरवला की दोन्ही बाजू पूर्ण एक. दुसऱ्या टोकाला जवळजवळ वेगळ्या. मध्ये कुठेही ठेवा. मला सांगायला हरकत नाही की हे माझ्या मूळ योजनेपेक्षा चांगलं झालं. दोन्ही कान असणाऱ्यालाही पूर्ण वेगळा स्टिरिओ अर्ध्या तासात टोचायला लागतो, एका कानात नुसती पिपाणी किती वेळ ऐकणार? पाव फिरवलेला कंट्रोल सगळ्यात गोड लागतो.

मला वाटलं तात्या तो मोनोच्या टोकाला नेऊन ठेवतील. तसं झालं नाही. त्यांनी आधी तो पूर्ण वेगळ्या टोकाला नेला आणि हेडफोन सरळ घालून बसले. बराच वेळ. मारिओ उभा होता, खेळत नव्हते, नुसतं गाणं. मग हेडफोन उलटा करून परत तेवढंच. मग सरळ. मग मला म्हणाले, "खालचा बाबा लई काम करायलाय रं. वरचे दोघं नुसते मिरवायल्यात." त्रिकोणी सुराबद्दल बोलत होते ते. पखवाजवाल्याबद्दल भजनात बोलतात तसं.

मग कंट्रोल फिरवून दोन्ही एकत्र करून ऐकलं आणि मान डोलावली.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती मला आवडली नाही. उजव्या कानालाही ते आवाज बराच वाढवून ऐकत होते, आणि खरखर, म्हणजे झांजेचा तो चुरचुरीत आवाज, त्यांना जवळजवळ लागतच नव्हता. तोही एकच कान, आणि तोही चाललाय. काकूने टीव्हीच्या आवाजावरून आधीच ओळखलं होतं. दोघांनी मिळून दोन दिवस भुणभुण लावली तेव्हा कुठे बार्शीला कान तपासायला आले. तिथल्या बंद खोलीत हेडफोन घालून बसवतात आणि बारीक सूर वाजवतात, ऐकू आला की हात वर करायचा. बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "तुझ्या मारिओवाणीच हाय. एक एक पाय वेगळा तपासत्यात."

कागदावर आलेला आलेख मी बघितला. डाव्या कानाची रेघ पार तळाला. उजव्या कानाची खालच्या सुरांना चांगली, वरच्या सुरांना घसरत गेलेली. वयाने असंच होतं, वरचे सूर आधी जातात. क, त, स, श हे वरच्या पट्टीतले आवाज, म्हणून बोलणं ऐकू येतं पण शब्द कळत नाहीत. उजव्या कानाला मशीन लावून उपयोग होईल असं डॉक्टर म्हणाले. डाव्या कानाशी एक माइक लावून तिथला आवाज उजवीकडे पाठवायचं मशीनही मिळतं, पण त्याची किंमत ऐकून तात्यांनी चप्पल पायात घातली.

सध्या घरात दोन पक्ष आहेत. काकू आणि मी मशीनच्या बाजूने. तात्या म्हणतात, अडतीस वर्षं गिऱ्हाइकाला कळलं नाही, आता मशीन लावून गावाला दवंडी कशाला पिटू? मी फोनवर वाद घालतो आणि ते फोन डाव्या कानाला लावतात. आधी असं कधी केलं नव्हतं. आता आम्हाला माहीत झालंय म्हटल्यावर खुशाल करतात :)

ताई, हे सगळं तुला फोनवर सांगायचं होतं पण तिकडे रात्र असते आणि मला नीट सांगता आलं नसतं. तात्यांना विचारून लिहिलंय. "लिही, पण माझं नाव घालू नको," म्हणाले. तू मशीनचा विषय काढ, तुझं ऐकतील, उजवं स्टूल तुझं होतं. आणि मे महिन्यात येशील तेव्हा तुझ्या जुन्या पेटीत ती पिवळी कॅसेट आहे का बघ, कॉन्ट्राची. तिच्यात खालचा बाबा काय करतो ते तात्यांना ऐकायचंय. मी दुसरा रिमोट नीट करतोय, फक्त त्याचं बी बटण अजून दोनदा दाबावं लागतं.